मृगाआधी विहिरीभोवती एक फेरी: शेतातील प्रदूषणाची जोखीम स्वतः तपासा

मृग नक्षत्र तोंडावर आले आहे, बियाणे-खतांची खरेदी सुरू आहे आणि बहुतेक विहिरींनी तळ गाठला आहे. आपल्या शेतातून पाण्यात काय मिसळू शकते हे पाहण्यास वर्षातील सर्वांत योग्य काळ हाच आहे. उन्हाळाभर गोठ्यापुढे आणि औषध कालवण्याच्या जागी जे साचते, ते पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींबरोबर वाहू लागते. काळ्या रानातील भेगा तेव्हा मिटलेल्या नसतात, त्यामुळे यातील बरेचसे पाणी मातीतून गाळले न जाताच खालच्या मुरमापर्यंत उतरते. दख्खनच्या पठारावरील विहिरींना पाणी मिळते ते याच मुरमातून आणि बेसाल्ट खडकाच्या फटींतून.

ही तपासणी शेतकऱ्याने स्वतःसाठी करावयाची आहे. तिचा अहवाल कोणत्याही कार्यालयाला द्यावयाचा नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९९०च्या दशकात यासाठी प्रश्नतक्ते वापरात आले. शेतकरी प्रत्येक बाबीला जोखमीनुसार चारपैकी एक दर्जा देत असे. आपल्याकडे वहीचे एक पान पुरेसे आहे. पानाच्या मधोमध विहीर काढावी, उताराची दिशा बाणाने दाखवावी आणि भोवती गोठा, उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा, औषधांची खोली, डिझेलचा ड्रम व फवारणीची टाकी भरण्याची जागा यांच्या खुणा कराव्यात. प्रत्येक खुणेपुढे पावलांनी मोजलेले अंतर लिहावे आणि तेथील पाणी विहिरीकडे येते की विहिरीपासून दूर जाते, हेही लिहावे. नद्या-धरणांचे पाणी बिघडण्यास शहरांचे सांडपाणी मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे; पण आपल्या विहिरीत शहर येऊन मिसळत नाही, तेथे आपलाच उतार येतो.

या पानावर सर्वाधिक लक्ष द्यावे ते टाकी भरण्याच्या जागेकडे. गेल्या हंगामात एका वस्तीवर पाहिलेला प्रकार असा: विहिरीच्या थारोळ्याशेजारी २०० लिटरचा ड्रम ठेवलेला होता, त्यात कीटकनाशक आधीच ओतलेले होते आणि मोटारीच्या पाइपाचे तोंड द्रावणात बुडवून पाणी सोडले होते. मध्येच वीज गेली. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी परत जाऊ न देणारी झडप, गळका असल्यामुळे पाइपातील पाणी उलटे विहिरीत उतरू लागले आणि ड्रममधील द्रावण त्यामागोमाग ओढले गेले. कोणाच्या लक्षात येईपर्यंत ड्रम चार बोटे खाली गेला होता. त्याच विहिरीवर घरचे पिण्याचे पाणी भरले जात होते. हे टाळण्यास फारसा खर्च लागत नाही. पाइपाचे तोंड द्रावणाच्या पातळीपासून निदान वीतभर वर बांधावे, औषध नेहमी पाणी भरून झाल्यावर आणि विहिरीपासून दूर नेऊन मिसळावे, तसेच ठिबकमधून खत सोडणाऱ्यांनी व्हेंचुरीच्या (खताचे द्रावण पाइपात ओढून घेणाऱ्या नळीच्या) आधी पाणी उलटे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलेला आहे आणि तो काम करतो आहे, याची खात्री मोटार बंद करून करावी.

औषधाचा डबा रिकामा झाला की तो तीन वेळा विसळावा आणि प्रत्येक वेळचे पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. ते विकत घेतलेले औषधच असते, ते जमिनीवर फेकण्यात तोटाच आहे. नंतर डब्याला भोक पाडून तो निकामी करावा. त्यात डिझेल, तेल किंवा पिण्याचे पाणी भरण्याची सवय अजूनही दिसते, ती सोडलीच पाहिजे. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा शेततळ्यात धुऊ नये; धुण्याचे पाणी त्याच पिकाच्या कडेला पसरून टाकावे. लेबलवरील लाल व पिवळ्या त्रिकोणाची औषधे कुलपात आणि जमिनीपासून उंच फळीवर ठेवावीत. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधा आठवाव्यात आणि मजुराला हातमोजे व मुखवटा दिल्याशिवाय पंप हाती देऊ नये.

खताच्या बाबतीत हिशेब करण्याचा कंटाळा हेच प्रदूषणाचे मोठे कारण आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्याचे मातीत नायट्रेट होते आणि नायट्रेटला चिकणमाती धरून ठेवत नाही, म्हणून पिकाने न उचललेले नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली जाते. सोयाबीनला एकरी एक गोणी डीएपी (नत्र व स्फुरद असलेले डायअमोनियम फॉस्फेट खत) दिली तर तीतूनच ९ किलो नत्र मिळते, आणि मुळांवर हवेतील नत्र पिकाला देणाऱ्या गाठी धरल्यावर वरून युरिया देण्याचे सहसा कारण उरत नाही. शेजाऱ्याने टाकला म्हणून आपणही टाकणे, ही शिफारस नव्हे. कपाशीला नत्र एकदम न देता पेरणीच्या वेळी आणि पुढे साधारण ३० व ६० दिवसांनी विभागून द्यावे, आभाळ भरून आले असताना पोत्याचे तोंड उघडू नये आणि शेणखतातून गेलेले नत्रही हिशेबात धरावे.

उकिरडा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. मुरमाड रानात हे अंतर दुप्पट ठेवावे. तो या वर्षी हलवणे जमत नसेल, तर वरच्या बाजूने चर काढून बाहेरचे पाणी वळवावे आणि गोठ्याच्या पागोळ्यांना पन्हळ लावून छपराचे स्वच्छ पाणी शेणात पडू देऊ नये. शेतात नेलेले शेणखताचे ढीग लगेच पसरून कुळवाच्या पाळीने मातीत मिसळावेत. ओढ्याच्या काठी काही फूट पट्टा न नांगरता गवताखाली ठेवला, तर मातीबरोबर वाहणारे स्फुरदही बरेचसे अडते.

शेवटी विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, एकदा आत्ता आणि एकदा श्रावणात. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडून बाटली कशी भरावी हे आधी विचारून घ्यावे आणि नायट्रेट व जिवाणू या दोन्ही तपासण्या सांगाव्यात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. ते अधिक आढळल्यास पाणी उकळून भागत नाही. उकळल्याने जिवाणू मरतात, परंतु पाणी आटून नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. घरात सहा महिन्यांच्या आतील बाळ असेल, तर त्याची दुधाची भुकटी कालवण्यासाठी असे पाणी वापरू नये आणि दुसऱ्या खात्रीच्या स्रोतातून वेगळी घागर भरून ठेवावी.