पार्किंग सेन्सर गप्प झाले? आधी वायरिंग तपासा

रिव्हर्स टाकला, एक लांब बीप आली आणि सेन्सर गप्प झाले, की पहिला सल्ला मिळतो, ‘सेन्सर गेला, बदलून टाका.’ लगेच पैसे काढू नका. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. त्या वेळच्या गाड्यांच्या बंपरमधल्या वायरिंगने आता बरेच पावसाळे काढलेत. माझ्या हाती आलेल्या गाड्यांत सेन्सर बहुधा धडधाकट निघाला, सडलेली होती ती जोडणी.

सेन्सरवरचा चिखल पुसा, फ्यूज पाहा.

हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा, रिव्हर्स टाका. एकेका सेन्सरवर बोट टेकवा. चालू सेन्सरची बारीक टिकटिक बोटाला जाणवते. एकच गप्प असेल तर शेजारच्या तशाच सेन्सरशी अदलाबदल करा. दोष सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर खराब. जागेवरच राहिला तर बंपरचा मुख्य कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवी भुकटी दिसेल. सेन्सरला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट देऊन बघायचं नाही, तो जळू शकतो.

सगळेच गप्प असतील तर खरी कसोटी इथे आहे. काही गाड्यांत एक सेन्सर बिघडला तरी मॉड्यूल (सेन्सर चालवणारा कंट्रोल डबा) सगळे बंद करतं, पण मी आधी मॉड्यूलचा सप्लाय आणि अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर) हेच पाहतो. इथे वायर सलग आहे हे सांगणाऱ्या मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते. या बीपवर भरवसा ठेवून मी एकदा दोन दिवस घालवले, मॉड्यूलही बदललं, दोष तसाच.

मग मॉड्यूलचा कनेक्टर काढला आणि गाडीकडून येणाऱ्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये ५ वॅटचा बल्ब जोडला. बल्बाशिवाय मीटर १२.४ व्होल्ट दाखवत होता. बल्ब लावताच आकडा ४ वर कोसळला आणि आतली तार नुसती लालसर झाली. लोड, म्हणजे बल्बासारखं वीज ओढणारं काही, दिल्याशिवाय हा दोष सापडत नाही, म्हणून ही पायरी गाळू नकाच.

बल्ब पेटता ठेवून मीटरची एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी अर्थच्या पिनला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब. नाहीतर सप्लायची वायर धरून मागे जा. प्रोब पिनेला कनेक्टरच्या मागच्या बाजूनेच टेकवा. वायरीच्या प्लास्टिकला सुई टोचणाऱ्याला मी गाडीजवळ येऊ देत नाही, त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं आतून सडतं.

माझ्या गाडीत टेललॅम्पमागचा अर्थचा बोल्ट गंजला होता. काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन चोपडा. कुजलेली वायर कापून सोल्डर करा आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती टेप पाणी धरून ठेवते. बल्ब लख्ख पेटला की मगच मॉड्यूल जोडा.