फुगे भारी, पण सापडलं का? चित्ररूप सर्चची चाचणी घेताना या चुका टाळा

सर्चचे निकाल यादीऐवजी फुग्यांत (एका विषयाचे लेख एका फुग्यात) किंवा नकाशात दाखवले की पहिला डेमो हमखास गाजतो. लोक फुगे ओढतात, झूम करतात, ‘भारीये’ म्हणतात. त्यावर खूश होऊन चाचणी गुंडाळू नका. जॉन ब्रूक यांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही १० प्रश्नांची प्रश्नावली (१००पैकी सरासरी ६८ गुण) जरूर भरून घ्या, पण तीही वापरणं सोपं वाटलं का एवढंच सांगते. हवा तो लेख मिळाला की नाही, हे वेगळं मोजावं लागतं.

कामं देताना सगळ्यात जास्त घोळ होतो. ‘विहिरींवरचे लेख शोधा’ असं सांगितलं की माणूस समोर येईल ते टिपून मोकळा होतो. माहिती-शोधाच्या अभ्यासक पिया बोरलंड यांनी सुचवलेली पद्धत बरी: आधी प्रसंग द्या. ‘गावातली जुनी बारव साफ करायचीय, ग्रामसभेत दोन मुद्दे मांडायचेत.’ आता तो खरंच शोधायला लागतो, मध्येच शब्द बदलतो, मागे येतो. चित्राचा कस इथे लागतो.

वेळेचे आकडे जपून वाचा. फुग्यांवर जास्त वेळ गेला म्हणजे माणूस रमला की हरवला? स्टॉपवॉचला ते कळत नाही. शेजारी बसून बघा किंवा त्याला मोठ्याने बोलत काम करायला सांगा. फुग्यांची तुलना यादीशी करताना लक्षात ठेवा: यादी लोकांच्या सवयीची असते, म्हणून मोजणीआधी फुग्यांचा थोडा सराव द्या. निम्म्यांना आधी यादी, निम्म्यांना आधी फुगे, आणि प्रत्येक वेळी वेगळं काम.

यादी आणि फुगे, दोन्ही इंटरफेसमागे सर्च इंजिन एकच हवं. आमच्याकडे ‘विहीर’ टाइप केल्यावर ‘विहिरीत’ असलेले लेख येतच नव्हते. ऱ्हस्व-दीर्घाचा हा दोष इंजिनाचा, पण फुगा रिकामा दिसला म्हणून आम्ही आठवडाभर चित्रालाच दोष देत होतो.

आणि लेबलं देवनागरीत तपासा, डेमोतल्या इंग्रजीत नव्हे. ओळीची उंची कमी पडली की वरचं छाटलं जातं. एक आजोबा तमाशाबद्दल वाचायला म्हणून ‘वग’ लिहिलेल्या फुग्यात शिरले. आत शाळेच्या पटसंख्येवरचे लेख. फुगा ‘वर्ग’चा होता, रफार कापला गेला होता.