पेनड्राइव्ह-मेमरी कार्ड ‘राइट प्रोटेक्टेड’ दाखवतंय? आधी कुलूप कुठं आहे ते शोधा

लग्नसराईत लातूर-नांदेडकडच्या फोटो स्टुडिओत ही अडचण हमखास येते. कार्डातले फोटो दिसतात, पण नवं काही साठत नाही, जुनं पुसलं जात नाही. घाईघाईत फॉरमॅट मारायला जाऊ नका. वाचता येतंय तोवर सगळा डेटा संगणकावर उतरवून घ्या. राइट प्रोटेक्शन कॉपी करून घ्यायला आड येत नाही.

एसडी कार्ड असेल तर लेबल आपल्याकडे आणि कापलेला कोपरा वर उजवीकडे धरा. डाव्या कडेला इवलीशी सरकपट्टी दिसेल. ती वर असली की कार्ड उघडं, खाली असली की बंद. ही पट्टी आतल्या चिपला जोडलेली नसते. स्लॉटमधली बारीक पत्ती तिची जागा चाचपते, एवढंच. त्यामुळे पट्टी ढिली झाली की कार्ड आत ढकलतानाच ती खाली घसरते, आणि तुटून पडली तर कार्ड कायमचं बंद दिसतं. उपाय सोपा आहे: पट्टी उघड्या स्थितीत जिथं असते, तिथल्या खाचेवर सेलोटेपचा बारीक तुकडा चिकटवा. एकच पदर, जास्त झाले तर कार्ड स्लॉटात अडकतं. मागच्या सोनेरी पट्ट्यांवर टेप येऊ देऊ नका. मायक्रोएसडीला स्वतःची पट्टी नसते, ती ॲडॉप्टरला असते, म्हणून तिथं सरळ ॲडॉप्टर बदला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्लॉटमध्ये धूळही बसते; ती ब्लोअरनं उडवा, तोंडानं फुंकू नका.

पट्टी ठीक असेल किंवा पेनड्राइव्ह असेल, तर तो दुसऱ्या संगणकाला लावून बघा. तिथं लिहिता आलं तर कुलूप तुमच्या संगणकात आहे. विंडोजच्या रेजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायची जागा) सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोलखाली ‘स्टोरेजडिव्हाइसपॉलिसीज’ शोधा. त्यातल्या ‘राइटप्रोटेक्ट’ची किंमत १ असेल तर ० करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. ही नोंदच नसेल तर नव्यानं बनवू नका. बँकेच्या किंवा सरकारी कचेरीच्या संगणकावर हे कुलूप मुद्दाम घातलेलं असतं, तिथं हात लावू नका.

दोन्ही संगणकांवर नकारच असेल तर विंडोजचं कमांड प्रॉम्प्ट (आदेश टाइप करायची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजीत डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क टाइप करा. आकारावरून आपला ड्राइव्ह ओळखा. ३२ जीबीचा साधारण २९ जीबी दिसतो. इथं नीट बघा, कारण डिस्क ० बहुतेक वेळा संगणकाची स्वतःची असते. ड्राइव्हचा क्रमांक १ असेल तर सिलेक्ट डिस्क १, मग ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली (रीडओन्ली एकच शब्द).

त्यानंतर नुसतं ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क’ देऊन बघा. ‘रीड-ओन्ली’पुढं नो, पण ‘करंट रीड-ओन्ली स्टेट’पुढं येस आलं, तर अडवणूक खुद्द ड्राइव्हकडून होतेय. सरकपट्टीचा प्रश्न नसेल तर बहुतेक वेळा चिप झिजलेली असते: राखीव जागा संपली की आतला कंट्रोलर (ड्राइव्हचा कारभार सांभाळणारा भाग) उरलेला डेटा वाचावा म्हणून लिहिणंच बंद करतो. फुकटची ‘रिपेअर’ सॉफ्टवेअरं इथं काही करू शकत नाहीत, उलट कधीकधी व्हायरस आणतात. वॉरंटी बघा, नाहीतर नवा घ्या.

एकच फाइल जात नसेल आणि ती ४ जीबीहून मोठी असेल, तर तो दोष कुलपाचा नाही, एफएटी३२ या ड्राइव्हवर फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीचा आहे. डेटा काढून एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा.

झिजलेल्या ड्राइव्हमधलं काही पुसताही येत नाही. त्यात कुणाचं आधार कार्ड, बँक पासबुक असेल तर भंगारात देण्याआधी आतली काळी चिप हातोडीनं फोडून टाका.