विंडोज, मॅक आणि लिनक्स : तिन्हीकडे शॉर्टकट चुकू नयेत म्हणून

‘हे शंभर शॉर्टकट पाठ करा’ छापाचे तक्ते मी छापून मॉनिटरशेजारी लावले होते. कामाच्या घाईत त्यांच्याकडे एकदाही नजर गेली नाही. ऑफिसात विंडोज, घरी मॅक आणि जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि त्यात लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) अशी कसरत बरीच वर्षं चालू आहे. पाठांतराचा उपयोग शून्य, कारण डोक्याला आठवेपर्यंत बोटांनी चूक करून टाकलेली असते.

१. सोपं आधी उरकून टाका. कॉपी, कट, पेस्ट, अनडू, सेव्ह, प्रिंट, बोल्ड : अक्षरं सगळीकडे तीच, फक्त विंडोज-लिनक्सवर कंट्रोल आणि मॅकवर कमांड.

अपवाद लिनक्सच्या टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा. तिथे कंट्रोल-सी म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवणं, त्यामुळे कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी. मॅकवर कमांड ही वेगळीच की असल्याने हा गोंधळ होत नाही.

२. कीबोर्ड जागेवर आणा. मॅकला विंडोजचा कीबोर्ड जोडला की विंडोजची की कमांड होते आणि ऑल्टची ऑप्शन, म्हणजे स्पेसबारला लागून कमांडऐवजी ऑप्शन येते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली ‘मॉडिफायर कीज’ आहे. तिथे वरती तोच कीबोर्ड निवडा आणि या दोघींची अदलाबदल करा.

मात्र ‘मॅकवर कंट्रोल आणि कमांडच बदलून टाका, मग विंडोजसारखंच चालतं’ हा सल्ला ऐकू नका. कॉपी-पेस्ट सुधारतं, हे खरं. पण विंडोजच्या सवयीने कंट्रोल-डावा बाण दाबलात की कर्सर एक शब्द मागे जायच्या ऐवजी थेट ओळीच्या सुरुवातीला जातो. वर टर्मिनलमधलं कंट्रोल-सीही बिघडतं. मी दोन महिने असं काढलं आणि शेवटी दोन्ही मशीनवर चुकायला लागले.

३. कर्सर हलवायला नव्याने शिका. खरी गोची इथे आहे आणि नेमकं हेच कुणी नीट सांगत नाही.

विंडोज-लिनक्सवर शब्दाशब्दाने जायला कंट्रोल आणि बाण, ओळीच्या टोकांना होम आणि एंड, कागदपत्राच्या सुरुवातीला कंट्रोल-होम. मॅकवर शब्दाला ऑप्शन आणि बाण, ओळीच्या टोकांना कमांड आणि आडवा बाण, कागदपत्राच्या सुरुवातीला कमांड आणि वरचा बाण (मॅकवरच्या वर्डमध्ये मात्र याने कर्सर फक्त एक परिच्छेद वर जातो). सोबत शिफ्ट धरली की तेवढा मजकूर सिलेक्ट होतो, हे सगळीकडे सारखंच.

घात करते ती होम. मॅकवरच्या वर्डमध्ये ती ओळीच्या सुरुवातीला नेते, म्हणून आपण निर्धास्त होतो. मॅकसोबत येणाऱ्या साध्या टेक्स्टएडिटमध्ये मात्र नुसती होम दाबली की पान वर सरकतं आणि कर्सर होता तिथेच राहतो. शिफ्ट-होम दाबली तर कर्सरपासून थेट पहिल्या अक्षरापर्यंतचा सगळा मजकूर सिलेक्ट होतो. एकदा लांबलचक पत्राची शेवटची ओळ बदलायची म्हणून मी सवयीने शिफ्ट-होम दाबली आणि खाली कागदावर बघत टाइप करत सुटले. मान वर केली तेव्हा स्क्रीनवर एकच ओळ! अनडूने पत्र परत आलं, पण पोटात गोळा आला तो आलाच.

तेव्हापासून मॅकवर होम आणि एंडला मी हातच लावत नाही. तुम्हीही लावू नका, वर्डमध्ये चालतात तरीही. एखाद्या जुन्या फाइलची प्रत घ्या आणि माउस बाजूला ठेवून दहा मिनिटं फक्त बाणांनी फिरा. शब्द सिलेक्ट करा, शब्द खोडा (विंडोजवर कंट्रोल-बॅकस्पेस, मॅकवर ऑप्शन-डिलीट). तीन-चार दिवसांत हात वळतो.

४. फसव्या जोड्या लिहून ठेवा. कागदावर लिहायच्याच असतील तर फक्त याच. विंडोजवरच्या वर्डमध्ये कंट्रोल-एच म्हणजे शोधून बदलणं. मॅकवर कमांड-एच दाबलं की अख्खं सॉफ्टवेअरच दिसेनासं होतं आणि माणसाला वाटतं, क्रॅश झालं. ते फक्त लपलेलं असतं, डॉकमधून (स्क्रीनच्या कडेच्या आयकॉनच्या पट्टीतून) परत आणा. कंट्रोल-क्यू वर्डमध्ये परिच्छेदाचं फॉरमॅटिंग काढतं, तर लिब्रेऑफिसमध्ये सगळ्या खिडक्या बंद करायला निघतं.

सगळ्यात खट्याळ जोडी स्प्रेडशीटची. सेलच्या आत नवी ओळ हवी तर विंडोजच्या एक्सेलमध्ये ऑल्ट-एंटर, लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये कंट्रोल-एंटर. आता उलटं करून बघा : अनेक सेल सिलेक्ट असताना एक्सेलमध्ये कंट्रोल-एंटर दाबलं की लिहिलेलं सगळ्या सेलमध्ये भरतं आणि कॅल्कमध्ये नेमकं हेच काम ऑल्ट-एंटर करतं! मॅकवरच्या नव्या एक्सेलमध्ये नव्या ओळीसाठी ऑप्शन-रिटर्न.

५. एफ-२, एफ-४ वगैरे. मॅकच्या लॅपटॉपवर या कीजवर ब्राइटनेस आणि आवाज बसलेले असतात, म्हणून सोबत एफएन धरा. एक्सेलच्या सूत्रात सेलचा पत्ता पक्का करणारी डॉलरची चिन्हं फिरवायला एफ-४ ऐवजी कमांड-टीही चालतं.

६. शॉर्टकट बदलायचेच असतील तर शेवटी. लिब्रेऑफिसमध्ये ‘टूल्स’खाली ‘कस्टमाइझ’, विंडोजच्या वर्डमध्ये ‘ऑप्शन्स’मधल्या ‘कस्टमाइझ रिबन’च्या तळाशी. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधूनही जमतं, फक्त मेनूतलं नाव जसंच्या तसं लिहावं लागतं. शेवटी तीन टिंबं असतील तर तीसुद्धा. विंडोजच्या एक्सेलमध्ये मात्र ही सोय नाही, तेव्हा तिथे शोधत बसू नका.