ऐन विवरणपत्राच्या आठवड्यात संगणक रीस्टार्ट होतो? या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातील करसल्लागाराचे कार्यालय असो किंवा वागळे इस्टेटमधील लहान कारखान्याचा हिशेब विभाग, विवरणपत्र भरण्याच्या घाईत संगणकाने स्वतःहून रीस्टार्ट व्हावे हा अनुभव नवीन नाही. याला नशिबाचा भाग मानणे ही पहिली चूक होय. मायक्रोसॉफ्टची विंडोजसाठीची मासिक सुरक्षा अपडेट 2003 पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या वेळी सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे ऋतूनुसार रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. दुसरा मंगळवार 8 ते 14 तारखेदरम्यानच येतो. मासिक जीएसटीआर-1 ची (विक्रीच्या विवरणपत्राची) मुदत 11 तारखेला संपते आणि भविष्य निर्वाह निधी व ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) भरणा 15 तारखेपर्यंत करायचा असतो. म्हणजे अपडेट आणि मुदती जवळपास दर महिन्याला एकमेकांना भिडतात, आणि बुधवारी सकाळी कार्यालय उघडल्यावर संगणक आपल्या नकळत जे काही डाउनलोड करू लागतो त्याचे कारण हेच असते. ज्यांना तारखा पाठ आहेत त्यांनी हा मंगळवारही दिनदर्शिकेत खुणेने नोंदवावा, त्याच्या एक-दोन दिवस आधी सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन ‘पॉज अपडेट्स’ने आठवडाभराची स्थगिती घ्यावी आणि मुदत पार पडल्यावर आपल्या सोयीच्या संध्याकाळी अपडेट व रीस्टार्ट एकदमच उरकून घ्यावे.

ही स्थगिती जास्तीत जास्त 35 दिवसांची असते. त्यानंतर प्रलंबित अपडेट घेतल्याशिवाय ती पुन्हा मिळत नाही. 2015 मध्ये विंडोज 10 आली तेव्हा होम आवृत्ती वापरणाऱ्यांना एवढीही सवलत नव्हती. ती 2019 मध्ये मिळाली. घरच्या संगणकाच्या मालकाला आपल्याच यंत्रावर नकाराचा हक्क न देण्याचा तो निर्णय उद्दाम होता, असे माझे मत आहे, आणि त्यातून निर्माण झालेली चीड रास्त होती.

पण त्या चिडीपोटी केला जाणारा उपाय मात्र घातक ठरतो. एखादा व्हिडिओ पाहून विंडोज अपडेटची सेवाच बंद करणे किंवा त्यासाठी कुठले तरी अनोळखी सॉफ्टवेअर बसवणे, ही या विषयातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एक तर विंडोज ती सेवा दुरुस्त करून बहुधा पुन्हा सुरू करते. आणि समजा ती बंदच राहिली, तर काय होऊ शकते याचे उदाहरण नवी मुंबईकरांच्या शेजारीच आहे. 27 जून 2017 रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक सॉफ्टवेअरच्या हल्ल्याने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे जगभरातील कामकाज कोलमडले, तेव्हा न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले होते. हा हल्ला विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेत होता, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजीच दिलेली होती. चोरलेल्या पासवर्डच्या आधारेही तो एका संगणकावरून दुसऱ्यावर जात असल्यामुळे केवळ अपडेटने सारे वाचले असते असे म्हणता येणार नाही, परंतु त्याचा एक मोठा दरवाजा नक्कीच बंद झाला असता. ज्यांच्या विंडोज 10 संगणकावर हल्ली अपडेटची कटकट अचानक थांबली आहे त्यांनीही समाधान मानू नये, कारण त्या आवृत्तीचे सर्वसाधारण पाठबळ, म्हणजे नियमित मोफत अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आहे.

रीस्टार्ट मुळात लागतो तरी कशाला, हा प्रश्न योग्य आहे. वापरात असलेली फाइल विंडोज सहसा बदलू देत नाही, आणि प्रणालीच्या गाभ्याच्या फाइली तर संगणक चालू असेपर्यंत वापरातच असतात. त्यामुळे नव्या फाइली बाजूला ठेवून पुढच्या सुरुवातीच्या वेळी त्यांची अदलाबदल करावी लागते.

येथेच आणखी एक गैरसमज आडवा येतो. ‘आम्ही तर रोज रात्री संगणक बंद करतो’ असे अनेक जण सांगतात, आणि ते खरेही असते. मात्र ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, तर साध्या शट डाऊनमध्ये प्रणालीचा गाभा पूर्णपणे बंद न होता त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत आणली जाते. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘सीपीयू’ निवडून ‘अप टाइम’ पाहावा. रोज बंद होणारा संगणक तेथे कित्येक दिवस अखंड चालू असल्याचे दिसले, तर कारण हेच समजावे. अशा संगणकाला आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ हाच पर्याय द्यावा किंवा कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप काढून टाकावे.

‘ॲक्टिव्ह अवर्स’, म्हणजे विंडोज अपडेटच्या सेटिंग्जमध्ये नोंदवलेली आपली कामाची वेळ, न तपासणे ही चूक तर घरोघरी आढळते. या वेळेत विंडोज अपडेटसाठी आपणहून रीस्टार्ट करत नाही. ही वेळ स्वयंचलितपणे ठरू देण्याऐवजी स्वतः भरावी. सकाळी आठ ते रात्री एक अशीही ती ठेवता येते, कारण कमाल मर्यादा 18 तासांची आहे. त्याच सेटिंग्जमध्ये रीस्टार्टची गरज असल्याची सूचना देणारा पर्यायही सुरू करावा.

इंटरनेट जोडणी सेटिंग्जमध्ये ‘मीटर्ड’ (मर्यादित डेटाची) करून ठेवल्यास बहुतेक अपडेट डाउनलोड होत नाहीत, हे खरे आहे. मुदतीच्या दोन दिवसांपुरते ते ठीक आहे, पण नंतर ती खूण काढायला विसरले की सुरक्षा अपडेटही अडून राहतात.

प्रत्येक अचानक रीस्टार्टचा दोष अपडेटच्या माथी मारण्यापूर्वी पुरावा पाहावा. इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टीम’ या नोंदी पाहाव्यात. 1074 क्रमांकाची नोंद कोणत्या प्रोग्रॅमने आणि कोणत्या कारणासाठी रीस्टार्ट केला ते सांगते. तिच्याऐवजी त्या वेळी 41 क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ नोंद असेल, तर संगणक नीट बंदच झालेला नाही. अशा वेळी वीज, यूपीएसची दमलेली बॅटरी किंवा यंत्रातील बिघाड यांचा शोध घ्यावा, सेटिंग्ज बदलून काहीही साधणार नाही. पावसाळ्यात वीज वारंवार झपकत असताना ही तपासणी आधी केलेली बरी.

अपडेट चालू असताना टक्केवारी एका आकड्यावर अडकली म्हणून लगेच बटण दाबून संगणक बंद करू नये. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम तासाहून अधिक चालू शकते, आणि मध्येच वीज तोडल्यास प्रणाली सुरूच न होण्याचा धोका असतो. देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा संदेश आलेल्या दिवशी अपडेट सुरूच करू नये. बिटलॉकर (डिस्कवरील डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असलेल्या लॅपटॉपची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे ना, हेही आधी पाहून ठेवावे, कारण एखाद्या अपडेटनंतर ती विचारली गेली आणि हाताशी नसली तर सारा डेटा कुलूपबंद राहतो.

रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकांना, म्हणजे महापे-रबाळे पट्ट्यातील कारखान्यात वजनकाट्याला जोडलेल्या किंवा सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रांना, 18 तासांची मर्यादा अपुरी पडते. तेथे होम आवृत्ती वापरणे हीच मुळातली चूक आहे. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी या नियम ठरवण्याच्या साधनाद्वारे अपडेटचा दिवस व वेळ ठरवून देता येते आणि वापरकर्ता लॉगइन असताना आपोआप रीस्टार्ट होऊ न देण्याचे धोरणही लावता येते. मात्र ते धोरण ठरावीक वेळापत्रकाच्या पर्यायाबरोबरच लागू पडते, त्यामुळे दोन्ही एकत्र भरावेत आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी रीस्टार्ट कोणी करायचा त्या व्यक्तीचे नाव यंत्रावर चिकटवून ठेवावे.