दालेथचा कोपरा : हझान होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी

रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, व्हायचं तर येशिवात (धर्मशिक्षणाच्या शाळेत) वर्षानुवर्षं शिकावं लागतं आणि त्यासाठी देश सोडावा लागतो. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू समाजात पिढ्यान्‌पिढ्या गाडा ओढला तो हझानांनी. प्रार्थना तेच चालवणार, तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, तेच वाचणार, लग्न लावणार, मयतीलाही तेच उभे राहणार. मी हे काम नोकरी सांभाळून करत आलो. याच्यावर घर चालेल या आशेने कुणी येऊ नये, हे आधीच सांगतो. पण शिकायची ओढ असेल तर जरूर या. शिकवणारी माणसं थकत चालली आहेत.

नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या बुडाल्या, लक्षात राहिला तो फक्त शेमा, ही कथा आपण सगळे आजीकडून ऐकत आलो. ‘हे इस्रायला, ऐक, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच.’ शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांनी या एका ओळीवर धर्म सांभाळला. म्हणून नवीन मुलं अभिमानाने म्हणतात, “मला सगळं पाठ आहे.” पाठ असावंच. पण हझानाला अक्षर दिसलं पाहिजे.

सेफेर तोरात, म्हणजे तोराच्या हाताने लिहिलेल्या गुंडाळीत, स्वरचिन्हं नसतात, सुराच्या खुणा नसतात, वाक्य कुठं संपतं तेही दाखवलेलं नसतं. त्यात दालेथ आणि रेश ही हिब्रू अक्षरं बहिणी-बहिणींसारखी. दालेथला मागच्या बाजूला वर टोकदार कोपरा असतो, रेशचा खांदा गोल. शेमातला शेवटचा शब्द ‘एहाद’, म्हणजे एक. दालेथच्या जागी रेश वाचलीत तर होतं ‘अहेर’, म्हणजे दुसरा. एक देव म्हणायचा तिथं दुसरा देव! म्हणूनच सेफेर लिहिणारा ती दालेथ मुद्दाम मोठी काढतो.

ती मोठी दालेथ बरोबर वाचणं सोपं आहे. मी चुकलो लहान दालेथवर. बिरड्याच्या सणानंतरचा, म्हणजे मंदिर पडल्याच्या दुखवट्याच्या उपासानंतरचा शब्बाथ (शनिवार) होता, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि शेमाच्या बऱ्याच आधीच्या एका ओळीत मी रेश वाचून पुढे गेलो. मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या काकांनी मोठ्याने शब्द दुरुस्त केला. अर्थ बदलत असेल तर मागे जाऊन पुन्हा वाचावंच लागतं. कान तापले होते, तरी वाचलं. नंतर काका जवळ आले आणि म्हणाले, “तू वाचत नव्हतास, आठवत होतास.” त्या दिवसापासून माझी तयारीची पद्धत बदलली.

तिक्कून, म्हणजे तोरावाचनाच्या सरावाचं पुस्तक, विकत घ्या. त्यात एका रकान्यात खुणांसकट मजकूर असतो, शेजारी सेफेरसारखा बिनखुणांचा. एकूण 54 पाराशा, म्हणजे आठवड्यांचे वाचनाचे पाठ. शब्बाथ संपला की पुढची उघडायची, रोज एक भाग मोठ्याने वाचायचा आणि गुरुवारी खुणांची बाजू वहीने झाकायची. अडखळाल तिथं आदल्या रात्री पुन्हा बसा. सूर मात्र मोबाइलवरच्या परक्या रेकॉर्डिंगवरून उचलू नका. आपल्या सिनेगॉगचा सूर आपल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहे. एखाद्या साध्या वारी त्यांच्या घरी जाऊन तो उतरवून घ्या.

मलिद्याचं, म्हणजे आपल्या शुभप्रसंगीच्या प्रसादाचं, ताट घरीच शिका. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. प्रत्येकाची बेराखा, म्हणजे खाण्याआधी म्हणायचा आशीर्वाद, वेगळी. केळ झाडावर लटकतं, तरी त्याची बेराखा जमिनीच्या फळाची, कारण घड उतरला की ते खोड संपतं. इथं बायका तुमच्यापेक्षा जास्त जाणतात. त्यांना विचारा.

सगळ्यात अवघड काय, तर वाईट बातमीच्या दिवशी तेबावर, म्हणजे सिनेगॉगमधल्या वाचनाच्या ओट्यावर, उभं राहणं. 7 ऑक्टोबर 2023 हा शनिवार होता. हमासचा हल्ला सुरू झाला तेव्हा इस्रायलमध्ये सकाळचे साडेसहा, आपल्याकडे नऊ. प्रार्थना चालू होती. बातमी आत आली ती उशिरा येणाऱ्यांबरोबर. लोद, अश्दोद, बेर शेवा, प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिथं. आणि त्याच संध्याकाळी आपल्याकडे सिमहाथ तोरा लागत होता, सेफेर घेऊन नाचायचा सण. आम्ही सेफेर बाहेर काढले, फेऱ्या पूर्ण केल्या, नाच केला नाही. तेहिल्लिमचं, म्हणजे स्तोत्रसंहितेचं, 121 वं स्तोत्र म्हटलं.

तेबावरून राजकीय भाषण करू नका, असं माझं ठाम मत आहे. ओलिसांच्या काळजीने ज्याला झोप लागली नाही तो आपल्यात आहे आणि गाझातली मेलेली मुलं बघून रडणाराही आपल्यातच आहे. मिनियानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या किमान जमावाला, दहा माणसं लागतात. ती दोघं मिळून दहा होतात.

शेवटचं काम वहीचं. 1962 साली इस्रायलमधल्या रब्बी मंडळाने आपल्या लोकांच्या लग्नाआधी आई-आजीकडची वंशावळ तपासायला सांगितली. लोक रस्त्यावर उतरले, आणि 1964 मध्ये आपल्याला पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. तरी कुणी इस्रायलला जायला निघालं की लग्नाच्या नोंदीसाठी आजही हझानाकडे येतं. केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, लिहाल तेव्हा वहीत नीट अक्षरात आईचं नाव आणि आईच्या माहेरचं गाव लिहा. पेणकर, रोहेकर, नवगावकर, बापाचं गाव आपल्या आडनावातच असतं. आईचं फक्त तुमच्या वहीत राहतं.