लॉमध्ये पीएचडीचा अर्ज भरताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात ठाणे कोर्टातल्या एका ज्युनिअरने पीएचडीचा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, वाचायला दिला. विषय : ‘भारतातील स्त्रियांचे हक्क : एक अभ्यास’. म्हटलं, "यात शोधायचंय काय?" तर म्हणाला, "सर, सगळंच."

इथेच बहुतेकांची गाडी अडते. हाच मुलगा सोसायट्यांच्या मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी (बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही, तर ती सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावावर करून घेणं), जिल्हा उपनिबंधकांकडे खेपा घालतो. मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीविषयीचा कायदा, १९६३चा, डीम्ड कन्व्हेयन्सची सोय त्यात आली २००८ साली. तरी कितीतरी जुन्या सोसायट्यांच्या नावावर अजून जमीन नाही. आदेश हातात पडल्यावरही घोडं कुठे अडतं? हा झाला प्रश्न. शिवाय कागदपत्रं हाताशी. त्याला म्हटलं, आधी ‘शोधगंगा’वर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, बघ, यावर कोणी प्रबंध लिहिलाय का. तिथे न डोकावता ‘यावर संशोधन झालेलं नाही’ असं ठोकून देणारे मुलाखतीत हमखास सापडतात.

गाइडच्या बाबतीत मी स्वतः तोंडावर आपटलो. ओळखीच्या प्राध्यापकांना गृहीत धरून बसलो आणि त्यांच्या निवृत्तीला उरली होती दोनच वर्षं. तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४च विद्यार्थी. म्हणून जागा रिकामी आहे का, हे फॉर्मचे पैसे भरण्याआधी विचारा. विचारायला संकोच कसला?

एलएलएमला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट आहे. २०२४पासून यूजीसीच्या नेट परीक्षेचे गुणही प्रवेशाला चालतात : जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) नसेल तर नेटला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. पण हे गुण वर्षभरच धरतात. जूनचा निकाल कपाटात ठेवून ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारे इथेच फसतात. नोकरी सांभाळून पार्ट-टाइम करणार असाल तर ऑफिसची एनओसी (ना हरकत पत्र) आधी मागा, साहेबांची सही शेवटच्या दिवशी मिळत नसते. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम, पार्ट-टाइमवाल्यांनाही चुकत नाही.

परवा ज्युनिअरने नवा सिनॉप्सिस पाठवला. विषय डीम्ड कन्व्हेयन्सचा, जिल्हा ठाणे, प्रश्न एकच. शीर्षकाच्या शेवटचं ‘एक अभ्यास’ तेवढं मी खोडलं.